फोनवरून माणूस जोखू नकोस

जालना

चि. माईस,


तुला घनसावंगी तालुक्यातलं बीट मिळालं, पंचवीसेक अंगणवाड्या तुझ्या देखरेखीखाली आल्या, हे तुझ्या आईकडून कळलं. मुख्यसेविकेची परीक्षा आता किती अवघड झाली आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून आनंद जास्तच झाला. पण परवा बोलताना तू जे म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. "आत्या, माझ्या तीन-चार सेविकांकडे धड स्मार्टफोन नाही. त्यांच्यामुळे माझं बीट रोज खाली दिसतं. या बायकांना बदलायचंच नाही." यातली पहिली दोन वाक्यं तक्रारीची आहेत आणि ती खरीच असणार. तिसऱ्या वाक्यात तू निवाडा दिलास, आणि तोही त्यांच्या अंगणवाडीत एकदा जाऊन बसायच्या आधी. त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी मागचं सांगते, कारण तेव्हा तू कॉलेजात होतीस. 8 मार्च 2018 ला पोषण अभियान सुरू झालं आणि रजिस्टरांच्या जागी मोबाईल आणायचं ठरलं. आपल्या राज्यातल्या सेविकांच्या हाती 2019 मध्ये सरकारी फोन आले, दोन जीबी रॅमचे. त्यात 'कॅस' नावाचं ॲप होतं. ते मराठीत चालायचं आणि कुरकुरत का होईना, बायका त्यावर रुळल्या. मग 1 मार्च 2021 पासून त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आलं. ते त्या फोनला पेलवेना. फोन तापायचे, मध्येच बंद पडायचे. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचे पैसे सेविकेच्या पदरचे. त्यात माहिती भरायची ती इंग्रजीतून. ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात मोत्यासारख्या मराठी अक्षरात रजिस्टरं लिहिली, त्यांना गावातल्या लेकरांची नावं इंग्रजी अक्षरं शोधत शोधत टाइप करायला लागली. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन गोळा करून प्रकल्प कार्यालयांत परत दिले. त्यांची मागणी साधी होती: चालणारा फोन द्या आणि ॲप मराठीत द्या. काम नको, असं त्यांच्या एकाही निवेदनात मी वाचलं नाही. तरी कार्यालयांत चर्चा एवढीच चालायची की या बायकांना काम टाळायचं आहे. तू परवा बोललीस ते वाक्य त्या दिवसांत मी फार ऐकलं, म्हणून ते कानाला लगेच खटकलं.

आता पैशांचा हिशेब मांड. 2023 च्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन 8,325 वरून 10,000 रुपये झालं आणि मदतनिसाचं 4,425 वरून 5,500. फोन परत दिले तेव्हा मानधन वाढायचं होतं. ट्रॅकर नीट चालेल असा नवा फोन नऊ-दहा हजारांच्या खाली येत नव्हता. म्हणजे सेविकेनं घरात एक रुपयाही न देता महिन्याचं सगळं मानधन घातलं तरी फोनला पुरायचं नाही, आणि मदतनिसाला दोन महिन्यांचं मानधनही कमी पडायचं. पुढं मानधन आणखी वाढलं, नवे फोनही आले, पण ते यायला वर्षं गेली. मधल्या काळात कामं थांबली नाहीत. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ॲपवर भरायचे होते, अर्जामागं 50 रुपये मिळणार होते. कितीतरी सेविकांनी ते स्वतःच्या, मुलाच्या, जावयाच्या फोनवरून, रात्री सर्व्हर जरा मोकळा झाला की बसून भरले. ज्यांच्या नावावर फोनच नाही त्यांनी हे केलं. त्यांना 'बदलायचं नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कायद्याच्या बाजूनंही बघ. सर्वोच्च न्यायालयानं 25 एप्रिल 2022 ला गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की त्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. निकाल ग्रॅच्युइटीपुरता आहे, पण तुझ्यासारख्या वरिष्ठ बाईनं त्यातून एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. या बायका हौसेनं समाजसेवा करायला आलेल्या नाहीत, त्या नोकरी करतात. आणि नोकरीसाठी जे साधन लागतं ते देणं ज्यानं काम लावलं त्याच्याकडे येतं. शाळेतला फळा मास्तरांनी घरून आणावा, असं आपण कधी म्हटलं नाही. मग फोन नाही म्हणून सेविकेला खाली मान घालायला का लावतो?

आता एका बाईबद्दल लिहिते. नाव लिहीत नाही. बदनापूर तालुक्यात, दुधनेच्या काठच्या वस्तीवर तिची अंगणवाडी होती. सरकारी फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलं होतं. तिनं त्याला रबर बँड लावून तो कपाटात जपून ठेवला होता, कारण सरकारी वस्तू हरवली तर भरून द्यावी लागेल ही धास्ती. स्वतःजवळ बटणाचा फोन. घरात स्मार्टफोन एकच, मुलाचा, आणि मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला. भट्टीच्या खात्यात फोन नेऊ देत नाहीत, तो पाळीभर लॉकरमध्ये. आईनं सकाळी अंगणवाडी उघडायची, लेकरांना खिचडी वाढायची, वजनं घ्यायची, आणि याची नोंद जिथं व्हायची तो फोन वीस किलोमीटरवर कुलपात. मुलगा रात्री यायचा तेव्हा दिवस उलटून गेलेला असायचा.

महिन्याच्या बैठकीत पडद्यावर तिच्या अंगणवाडीपुढं उघडलेल्या दिवसांचा आकडा जवळजवळ शून्य दिसला. तिला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. विचारलं काय, तर "जगात काय चाललंय ते माहीत आहे का तुम्हाला?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, रजिस्टर आणलंय." ते कुणी मागितलं नाही.

मी ते नंतर तिच्याकडून घेऊन वाचलं. माई, तुला अजून रजिस्टर वाचायची सवय नाही, म्हणून त्यात काय होतं ते सांगते. दर आठवड्याची वजनं ओळीनं होती. सहा महिन्यांच्या वरच्या प्रत्येक लेकराचा दंडघेर लिहिलेला होता. तुला शिकवलं असेलच, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल दाखवते आणि ते मूल तीव्र कुपोषित धरायचं, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळं. एका दीड वर्षाच्या पोरापुढं 11.2 लिहून तिनं लाल पेनानं गोल केला होता. त्याच्यापुढं चार आठवड्यांची वजनं, आणि समासात बारीक अक्षरात: "आई ऊसतोडीच्या टोळीसोबत गेली. आजीकडे आहे. आजीला खिचडी पातळ करून दिवसातून पाच वेळा द्यायला सांगितलं. डॉक्टरांना दाखवलं." चौथ्या आठवड्याचं वजन वाढलेलं होतं. पडद्यावरच्या तक्त्यात या समासातल्या ओळींना रकानाच नाही. तिथं ही अंगणवाडी बंद होती.

तुझं काम नेमकं काय, ते मला या एका पानात दिसतं. पडदा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. जे त्याला दिलं ते तो दाखवतो. जे द्यायला बाईकडे साधन नाही ते तो दाखवू शकत नाही, आणि ती उणीव आपण तिच्या नावावर मांडतो. तालुक्याला बसलेल्या साहेबांना वस्तीवर जाणं शक्य नसतं, त्यांनी आकड्यावर विसंबणं एकवेळ समजू शकते. मुख्यसेविकेला मात्र सरकारनं फिरायलाच नेमलं आहे.

स्मार्टफोन नाही असं कळलं की आपल्या मनात लगेच तीन गोष्टी येतात. बाई अडाणी आहे, आळशी आहे किंवा काहीतरी लपवते आहे. चौथी शक्यता कुणी धरतच नाही, की तिच्याकडे फोन नसण्यामागं तिच्या घरातलं कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या बायकांपैकी 54 टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता, साधा धरून. इंटरनेट कधीतरी वापरलं असं सांगणाऱ्या बायका 33 टक्के निघाल्या, पुरुष 57 टक्के. ही दरी तुझ्या बीटमध्येही भेटेल, आणि प्रत्येक घरात तिचं रूप वेगळं असेल. एखाद्या घरात बाईच्या हातात मोठा फोन दिसला की नवरा संशय घेतो, सासू टोमणे मारते. एखादीला चाळिशी लागून दहा वर्षं झाली, चष्म्याचा नंबर वाढला, बारीक अक्षर दिसत नाही, पण सांगायची लाज वाटते. एखादीनं मुलीच्या बारावीच्या क्लासला फोन देऊन टाकला. एखादीच्या खात्यातून कुणीतरी ओटीपी विचारून पैसे काढले, तेव्हापासून ती मोठ्या फोनला हात लावत नाही. जाफराबाद, भोकरदनकडं अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या वाड्यांवर तर फोन असूनही उपयोग नाही, रेंज शोधत टेकडीवर जावं लागतं. आणि एखादी अशीही असेल जी म्हणेल, मला नकोच आहे. तिचंही ऐकून घे. सरकारी कामासाठी सरकारी फोन ती घेईल, पण घरी येऊन चोवीस तास ग्रुपवर हजर राहायला तिनं नकार दिला तर तो तिचा हक्क आहे. कामाच्या वेळेबाहेर फोनला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा झाला नाही, पण त्यामागचं म्हणणं रास्त आहे.

हे आपल्याच खात्यात आहे असं समजू नकोस. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत, बियाण्यांच्या प्लांटमध्ये कंत्राटी माणसांना पाळी बदलल्याचा निरोप हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. ज्याच्याकडे बटणाचा फोन तो जुन्या वेळेला गेटवर येतो, वॉचमन त्याला परत पाठवतो, त्या दिवसाची हजेरी बुडते. वर ऐकायला मिळतं, "ग्रुपवर टाकलं होतं." त्याच्या फोनला सोबती 'डबडा' म्हणतात, मग हळूहळू त्यालाच तसं वागवायला लागतात. पूर्वी गेटजवळच्या फळ्यावर खडूनं पाळ्या लिहिलेल्या असायच्या, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याला शेजारचा वाचून दाखवायचा. फळ्याला खर्च किती येतो? तो काढून टाकायची गरज कुणाला होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

रोजगार हमीचं बघ. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्या राज्यानं ही योजना चालवली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांनी खडी फोडून, तलाव खोदून त्या काळात पोट भरलं. हजेरी मस्टरवर, अंगठ्यावर. पुढं देशभर एनएमएमएस नावाच्या ॲपवर कामावरच्या मजुरांचे सकाळ-दुपार फोटो टाकणं आलं. आधी 16 मे 2022 पासून वीस किंवा जास्त मजूर असलेल्या कामांवर, मग 1 जानेवारी 2023 पासून जवळपास सगळ्या सार्वजनिक कामांवर हे सक्तीचं झालं. कामावर हजेरी घेणाऱ्या मेटचा फोन बिघडला किंवा रेंज गेली की दिवसभर उन्हात माती उपसलेल्या बाईची हजेरी लागेना. चोरी थांबावी म्हणून हे आणलं होतं. जुलै 2025 मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढावं लागलं की जागोजाग भलतेच फोटो, फोटोचेच फोटो चढवले जात आहेत. ज्याला फसवायचं त्यानं रस्ता शोधला, आणि ज्याच्याकडे फोन नव्हता त्याची मजुरी गेली.

याउलट एक बरं उदाहरणही आहे. ई-पीक पाहणीचं ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आलं, शेतकऱ्यानं स्वतःच वावरात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. अनेकांना जमलं नाही, म्हातारे शेतकरी नातवांच्या मागं फिरले. मग ज्यांची नोंद राहिली त्यांच्यासाठी तलाठी आणि पुढं गावोगावी नेमलेले सहायक हे काम करू लागले. फोन नसलेला शेतकरी म्हणजे शेती न करणारा शेतकरी नव्हे, हे महसूल खात्याला उमगलं. आपल्या बीटपुरतं ते तुला उमगायला काय हरकत आहे?

आता सगळ्यात जपायची गोष्ट. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपमध्ये जुळवणं सक्तीचं झालं आहे. ई-केवायसीसाठी ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा असतो. तुझ्या तालुक्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा फडात, फोन त्याच्या खिशात, आणि पाच महिन्यांची गरोदर बाई सासूसोबत गावात, असं घर तुला पहिल्याच महिन्यात भेटेल. तिला रिकाम्या हातानं परत पाठवू नकोस आणि सेविकेलाही पाठवू देऊ नकोस. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 4 नं गरोदर आणि स्तनदा मातेला, कलम 5 नं सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला हा आहार हक्कानं दिला आहे. ॲप ही तो हक्क पोचवायची पद्धत. पद्धत अडली तर रजिस्टरवर सही किंवा अंगठा घे, कारण लिही, आणि प्रकल्प कार्यालयाला लगेच कळव. वरून विचारणा झाली तर कलमाचा आकडा तुझ्या तोंडात पाहिजे.

याच्याच जोडीला आणखी एक. फोन नसलेल्या सेविकेला "कुणाचाही घे आणि भर" असं कधी सांगू नकोस. ती शेजारच्या पोराचा फोन घेते. त्या फोनवर गावातल्या गरोदर बायकांची नावं, आधार नंबर, फोटो, कुणाचं बाळ कमी वजनाचं, सगळं उघडं पडतं. सेविकेवर गावातल्या बायकांचा विश्वास असतो. घरात न बोललेल्या गोष्टी त्या तिला सांगतात. तो विश्वास एका डेडलाइनसाठी मोडायचा नाही.

तू म्हणशील, आत्या, काही बायका फोन नसल्याचं निमित्तही करतात. करतात. मी त्यांना पाहिलं आहे आणि त्यांच्या बाबतीत मी कधी मऊ वागले नाही. पण निमित्त ओळखायला तुला फोनची गरज पडणार नाही. न कळवता सकाळी दहाला जा. चूल पेटली आहे का बघ. सॉल्टर काट्याची झोळी धुतलेली आहे की धूळ खाते आहे, हे बघ. दोन लेकरांची नावं रजिस्टरमधून काढून त्यांच्या घरी जा आणि आईला विचार, मागच्या आठवड्यात वजन झालं का. अर्ध्या तासात कळतं. ज्या बाईच्या फोनवरून रोज शंभर टक्के हजेरी चढते तिच्याकडेही असंच न कळवता जा. तिथंही कधी कधी चूल थंड सापडेल.

बैठकीतली तुझी वागणूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बाकीच्या बायका तुझ्याकडे बघून ठरवतात की कुणाला मान द्यायचा. टक्केवारी मोठ्यानं वाचून कुणाला उभं करू नकोस. ज्या सेविकेचा आकडा खाली आहे तिला बैठकीआधी बाजूला घेऊन विचार. फोनबद्दल चारचौघांत विचारू नकोस, ती खोटं सांगेल आणि त्यात तिची चूक नसेल. बीटच्या ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्यांना पोचला असं धरू नकोस. ज्या तिघी-चौघी ग्रुपवर नाहीत त्यांना स्वतः फोन लाव, बटणाच्या फोनवरही बोलता येतंच. नाही लागला तर आशाताईकडे, शाळेच्या मास्तरांकडे निरोप ठेव. आदेश महत्त्वाचा असेल तर कागदावर दे आणि पोच घे. "ग्रुपवर टाकलं होतं" हे उत्तर तुझ्या तोंडून मला कधी ऐकायचं नाही. ज्या सेविकांना ॲप चांगलं येतं त्यांना दुसऱ्यांच्या नोंदी भरायला लावशील, आणि मोह होईलच, तर त्यांची वेळ मोजून दे, त्यांच्याकडचं दुसरं काही कमी कर. दोघींत ओशाळेपण राहायला नको.

मदतनीस बायकांना विसरू नकोस. त्यांना फोन द्यायचा विचारही फारसा कुणी केलेला नाही, आणि सेविका रजेवर असली की त्यांच्याकडून सगळ्या नोंदींची अपेक्षा असते. 'हप्त्यावर घ्या ना एखादा' असं त्यांना कुणी सुचवलं तर तू तिथल्या तिथं थांबव. त्या हप्त्यापायी घरातलं तेल-मीठ कमी होतं.

मी फोनच्या विरोधात नाही, हे तुला माहीत आहे. नवजात बाळाला घेऊन घाटी रुग्णालयात धावणाऱ्या नातेवाइकांशी मी रात्री व्हिडिओवर बोलले आहे. उंचीवरून आणि वजनावरून ॲप लगेच बाळाची श्रेणी सांगतं, तक्त्यात बोट फिरवत बसावं लागत नाही, याचा मला आनंद आहे. ज्या सेविकेला शिकायचं आहे तिच्याजवळ बसून शिकव. बोट कुठं ठेवायचं, परत कसं यायचं, इथपासून. पन्नाशीच्या बाईला शिकवताना आवाज चढवू नकोस. पण बाळंतपणाची वेळ आली, कुणाला साप चावला, तेव्हा गावातली बाई जो नंबर फिरवते तो 108 कोणत्याही फोनवरून लागतो. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी कुणाला नवा फोन घ्यावा लागला नाही. लोकांची सोय बघून व्यवस्था उभी करता येते, हे त्यावरून दिसतं.

आपलं अंगणवाडीचं काम 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांपासून सुरू झालं. ते इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर चाललं त्या बायकांनी वस्तीवरच्या मारुतीच्या ओट्यावर, कुणाच्या पडवीत, बाभळीखाली पोरं गोळा करून ते चालवलं आहे. तुझ्या त्या तीन-चार जणी बहुधा त्यांच्यातल्याच शेवटच्या आहेत. त्या निवृत्त होतील तेव्हा कोणत्या घरात कुणाची दोन बाळं गेली, कोणती सून माहेरी जाऊन बाळंत झाली, कोणत्या वस्तीवर पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, हे सगळं त्यांच्यासोबत जाईल. ते कुठल्याच ॲपवर चढवलेलं नाही. त्या नोकरीत आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घे.

येत्या मासिक बैठकीच्या आधी त्या तिघी-चौघींकडे एकेक सकाळ जाऊन बैस. रजिस्टर माग आणि शेवटपर्यंत वाच. कुणाचा फोन कधी बिघडला, कुणाला मिळालाच नाही, कुणाच्या वस्तीवर रेंज नाही, याची तारीखवार यादी कर आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी दे. तोंडी सांगितलेलं कार्यालयात टिकत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन दुसरं पत्र लाव.

तुझी,
आत्या